मोपा विमानतळावर मधले सात तास, बरोबर आई आणि मुलगा. कुठं जावं?

येळ्ळूरकर
राम राम मंडळी. मी मूळचा येळ्ळूरचा, गेली वीस वर्षं बेळगावात टिळकवाडीत राहायला. एक सल्ला हवाय.

आई दोन महिने झाले जळगावला ताईकडे आहे. आता तिला बंगळूरला धाकट्या भावाकडे पोचवायचं आहे. वय ७२, गुडघे दुखतात. रेल्वेचा एवढा लांबचा प्रवास तिला झेपायचा नाही म्हणून विमानानं जायचं ठरवलं. जळगावहून गोव्यातलं मोपा आणि मोपाहून बंगळूर. बरोबर मी आणि माझा दहा वर्षांचा मुलगा. सकाळी साडेनऊच्या सुमारास मोपाला उतरू, पुढचं विमान संध्याकाळी पाचचं. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा आहे, म्हणजे पाऊस नसेल.

सात-साडेसात तास नुसतं खुर्चीत बसून काढणं आईला अवघड आहे, मुलाला तर त्याहून. त्याला समुद्र बघायचाय. बेळगावहून आम्ही गोव्याला शंभरदा गेलोय, खरं ते आपल्या गाडीनं, चोर्ला उतरून, परत कधी निघायचं ते आपल्या हातात. असं दोन विमानांच्या मध्ये अडकून कधी गेलो नाही. बाहेर पडावं का? पडलो तर कुठं? सामानाचं काय करायचं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

हिंडलगा_नाका
बागा. प्रश्न मिटला.

खानापूर_रोड
बागाला जायचा सल्ला देणाऱ्यांनी ७२ वर्षांच्या बाईंना घेऊन दुपारी बारा वाजता बागाच्या वाळूत एकदा चालून दाखवावं. येळ्ळूरकर, तिकडं जाऊ नका. अंतर जास्त, वाटेत गर्दी, आणि पार्किंगपासून पाण्यापर्यंत जाईस्तोवर आईंचे गुडघे बोलायला लागतील.

माझं मत विचाराल तर बाहेरच पडू नका. मोपाची इमारत नवी आहे, ऐसपैस आहे. आत गोव्याच्या धाटणीच्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजो फरशा लावल्यात, खाण्यापिण्याची सोय आहे. आईंसाठी विमान कंपनीकडं आधीच व्हीलचेअर मागून ठेवा, त्याचे पैसे पडत नाहीत. मुलाला काचेतून विमानं दाखवा. डबा खा, पाय पसरा. विमान चुकलं की काय होतं ते मी भोगलंय, खाली सांगतो.

निपाणीकर_अण्णा
आधी हिशेब करा, मग जागा ठरवा. साडेनऊला विमान टेकलं तरी जिना, बस, सामानाचा पट्टा यात सव्वादहा होणार. पाचच्या विमानाचा काउंटर एक तास आधी बंद होतो, म्हणजे चार. वयस्कर माणूस बरोबर आहे म्हणून तुम्ही तीनला दारात पाहिजे. म्हणजे हातात सव्वादहा ते तीन. त्यातून जाण्यायेण्याचा दीड-दोन तास वजा. राहिले पावणेतीन-सव्वातीन तास. एवढ्यात एकच जागा होते. दुसरी जागा मनातसुद्धा आणायची नाही.

आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलीत का एकत्र? एकत्र असतील तर जळगावलाच विचारा, बॅगा थेट बंगळूरला लागतील का. वेगवेगळी असतील तर मोपाला बॅगा घेऊन बाहेर यायचं आणि परत द्यायच्या, दुसरा इलाज नाही.

येळ्ळूरकर
अण्णा, वेगवेगळी आहेत. एकत्र मिळत नव्हती. दोन मोठ्या बॅगा आणि आईची एक पिशवी, जी ती कुणाच्या हातात देत नाही.

निपाणीकर_अण्णा
मग बाजारात, गर्दीत फिरायचं काढून टाका. एक गाडी पाच तासांसाठी ठरवा, बॅगा डिकीत राहू देत, ड्रायव्हर गाडीपाशीच थांबेल असं बघा. दर निघायच्या आधी ठरवा, थांबण्याचे पैसे त्यात धरून. काउंटरवरून गाडी घेतली तर पावती घ्या, गाडीचा नंबर मोबाईलमध्ये टिपून ठेवा.

शहापूरची_वहिनी
मी गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन मोपाला पाच तास काढलो. त्यांचं दिल्लीचं विमान होतं दुपारी आणि आम्ही बेळगावहून पहाटे निघून आठलाच पोचलेलो. मी सांगतो तुम्हाला, म्हाताऱ्या माणसांना समुद्र बघायचा नसतो, त्यांना देऊळ पाहिजे आणि बसायला सावली पाहिजे. मी त्यांना पेडण्याच्या भगवतीला नेलो. दारात दगडाचे दोन मोठे हत्ती आहेत. सभामंडपात गार फरशी. सासूबाई तिथं तासभर बसल्या, दोन बायकांशी ओळख काढल्या, एकीची नणंद निघाली नंदगडची! मी आपला शेंगाचटणी-भाकरीचा डबा उघडलो बाहेरच्या झाडाखाली. विमानतळापासून लांब नाही. पोराला हत्तीबरोबर फोटो काढता येईल.

पुणेरी_पाखरू
वहिनी, माहिती छान दिलीत. एक विचारू का? तुम्ही 'नेलो', 'उघडलो' असं लिहिलंय, टायपिंगची चूक आहे की हा आयडी वहिनींचे यजमान चालवतात?

शहापूरची_वहिनी
चूक न्हवे ओ. आम्ही बेळगावच्या बायका असंच बोलतो. 'मी येतो', 'मी जेवलो'. माझी आजी असंच बोलायची, आई असंच बोलते, माझी मुलगी पुण्यात शिकायला गेली तर पहिल्या आठवड्यात वर्गातल्या पोरी हसल्या तिला. घरी फोन करून रडली. मी तिला सांगितलो, तू तुझ्या घरची भाषा बोलतीयस, त्यात लाजायचं काय. आता चौथं वर्ष आहे, अजून 'मी येतो' म्हणते आणि तिच्या दोन मैत्रिणीपण म्हणायला लागल्यात.

पुणेरी_पाखरू
मनापासून माफी मागतो. हे माहीतच नव्हतं. लेकीला नमस्कार सांगा.

चंदगडी_पोर
आमच्या चंदगडातबी बायका असंच बोलतात. शाळेत बाई 'मी गेले' शिकवायच्या आणि घंटा झाली की त्याच 'चला मी गेलो' म्हणून एसटी पकडायच्या.

सांबऱ्याचा_वारा
येळ्ळूरकर, तुमची तिकिटं परत एकदा नीट बघा. दोन्ही मोपाचीच आहेत ना? गोव्याला आता दोन विमानतळ आहेत. मोपाचं नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, तिकिटावर जीओएक्स. दाबोळी म्हणजे जीओआय. ११ डिसेंबर २०२२ ला मोपाचं उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. अजून कितीतरी लोक 'गोवा' एवढंच वाचून तिकीट काढतात. एक उत्तर टोकाला पेडण्याच्या सड्यावर, दुसरा खाली वास्कोजवळ. मध्ये साठ-पासष्ट किलोमीटर आणि मांडवी-जुवारीचे पूल.

खानापूर_रोड
हेच ते! मी वर म्हटलेली गोष्ट हीच. दोन वर्षांपूर्वी मी मुंबईहून दाबोळीला उतरलो आणि पुढचं तिकीट मोपाचं होतं. एका एजंटानं काढून दिलेलं, त्याला विचारलं तर म्हणाला, 'गोवाच आहे की दोन्ही.' मध्ये साडेतीन तास होते म्हणून मी निवांत. दाबोळीच्या दारात चहा पीत बसलेलो. शेजारच्या माणसानं तिकीट बघून सांगितलं. टॅक्सी केली, तर पणजीच्या पुलावर अडकलो. मोपाला पोचलो तेव्हा काउंटर बंद होऊन सात मिनिटं झालेली. बहिणीच्या गृहप्रवेशाला मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो, वास्तुशांत होऊन गेलेली. ती अजून त्या फोटोंत मला शोधते. म्हणून म्हणतो, बाहेर पडू नका.

सांबऱ्याचा_वारा
तुमचं दुःख खरं आहे, पण ते तिकिटाच्या घोळाचं आहे, बाहेर पडण्याचं नव्हे. दोन्ही विमानं एकाच ठिकाणची असली की भीती अर्धी होते.

मला विचाराल तर मधले तास दाबोळीला मिळणं भाग्याचं. बोगमाळ्याचा किनारा अगदी जवळ, आणि त्याच रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय. सी हॅरियर, सुपर कॉन्स्टेलेशन अशी खरी विमानं उघड्यावर उभी आहेत. दहा वर्षांच्या पोराला तिथून हलवावं लागेल. सोमवारी बंद असतं. आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ तिथंच असल्यामुळं विमानतळावर फोटो काढायच्या भानगडीत पडू नये.

आणि आपल्या बेळगावच्या माणसानं दाबोळीकडं बघताना एक गोष्ट आठवावी. १८ डिसेंबर १९६१ ला दाबोळीच्या धावपट्टीवर भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले, आणि बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला करणारी हंटर विमानं आपल्या सांबऱ्याहून उडाली होती. सांबऱ्याचा तळ १९४२ चा, दुसऱ्या महायुद्धातला. माझे वडील तेव्हा सांबऱ्यात होते. सांगायचे, सकाळी भाकरी थापणाऱ्या आजीचा हात तव्यावर तसाच थांबला, एवढा आवाज झाला. दाबोळीची धावपट्टी फुटली, खरं त्याच रात्री तिथून दोन प्रवासी विमानं उरलेल्या पट्टीवरून कशीबशी उडाली आणि कराचीला गेली. दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, गोवा मोकळा झाला.

हिंडलगा_नाका
अंगावर काटा आला तात्या. मी 'बागा' लिहिलेलं मागं घेतो.

चंदगडी_पोर
मोपाजवळपण तसली जागा हाय. पत्रादेवी. बांद्याच्या अलीकडं, हमरस्त्यावर. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही तिथून गोव्यात शिरताना पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. पंजाबचा कर्नैलसिंग तिथंच पडला. स्मारक आहे. पाच मिनिटं उतरून नमस्कार करून जावा.

निपाणीकर_अण्णा
त्या वेळी बेळगाव हा सत्याग्रहींचा मोठा तळ होता. आमच्या घरी आईनं पहाटे चारला उठून दशम्या केलेल्या, चुलत्यांनी त्या गाठोड्यात बांधून बेळगावला नेल्या. कुणाच्या पोटात गेल्या ते कधी कळलं नाही.

हिंडलगा_नाका
बेळगावच्या लोकांनी गोव्यासाठी एवढं केलं आणि आपला सीमाप्रश्न मात्र ५६ सालापासून

संपादक
सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागा आहे आणि तो जिवंत आहे, तिथं जरूर लिहा. इथं येळ्ळूरकरांच्या आईंना मोपाहून कुठं न्यायचं ते बघू.

पेडणेकार
मी पेडण्याचा. घरच्या माणसासारखं सांगतो.

मोपा समुद्राकाठी नाही. विमान उतरताना समुद्र दिसतो म्हणून लोकांना वाटतं, दारातून बाहेर पडलं की वाळू. तो जांभ्या दगडाचा उंच सडा आहे. काजूची झाडं होती, गुरं चरायची, धनगरांची वस्ती होती. आमच्यातल्या काहींना विमानतळानं काम दिलं, काहींची जमीन गेली. त्यामुळं इथं उतरणारा माणूस थेट बागाला पळतो आणि पेडणे नुसतं खिडकीतून बघतो, याचं आम्हाला वाईट वाटतं.

सगळ्यात जवळचा निवांत किनारा म्हणजे केरी. पाऊण तास धरा. गाडी पार सुरूच्या झाडांपर्यंत जाते. आईंना सुरूच्या सावलीत बसवा, मुलाला पाण्यात पाय भिजवू द्या. पोहायला देऊ नका, तेरेखोल नदीचं मुख तिथंच आहे, ओढ असते. समोर दिसतो तो तेरेखोल किल्ला. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला, १७४६ ला पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा लावला होता. केरीहून पलीकडं फेरीबोट जाते, गाडीसकट. मुलाला ती फार आवडेल. पण विमान गाठायचं असेल तर फेरीत बसू नका, फार ओहोटी असली की ती थांबते आणि तुम्ही पलीकडं अडकाल.

स्वस्तात जायचं तर विमानतळावरून कदंबच्या बसगाड्या सुटतात, पण त्या पणजी, मडगाव, कळंगुटकडच्या. केरीला त्यांचा उपयोग नाही.

येळ्ळूरकर
पेडणेकार, फार आभार. केरी जवळजवळ नक्की करतोय. दुपारच्या जेवणाचं काय? आई माशांचं खाते, मुलगा फक्त बटाटा.

पेडणेकार
पोराला पाव आणि पातळ भाजी, सकाळी उशिरापर्यंत कुठल्याही टपरीवर मिळते. वर मिरची भजी. आईंना माशांची थाळी पेडण्यात साध्या खाणावळीत द्या, किनाऱ्यावर नको. तिथं भाव पर्यटकांचे आणि जेवण यायला तास.

खानापूर_रोड
आणि आईंना सांगून ठेवा, कोकणातून सुकं खोबरं घेऊन बॅगेत घालायचं नाही. तेलकट असतं, पेट घेऊ शकतं म्हणून विमानाच्या सामानात चालत नाही. माझ्या मावशीचं दोन किलो काढून ठेवायला लावलं, ती बंगळूरला पोचेपर्यंत बोलली नाही कुणाशी.

शहापूरची_वहिनी
येळ्ळूरकर, तुम्ही मुलाला समुद्र बघायचाय म्हणालात. आईंना काय बघायचंय ते विचारला का?

येळ्ळूरकर
वहिनी, तुमचा प्रश्न वाचून काल रात्री जळगावला फोन केला. खरं सांगतो, आधी विचारलं नव्हतं.

आई म्हणाली, 'तिथून आरोंदं किती लांब?'

आरोंदा हे आईचं आजोळ. तिचं माहेर बेळगावातलंच, अनगोळचं. पण तिची आई आरोंद्याची. आजी लवकर गेली, नंतर येणंजाणं तुटलं. आई सात-आठ वर्षांची असताना तिकडं शेवटची गेलेली. आंबोलीनं एसटी उतरली, सावंतवाडीला मुक्काम केला, मग पुढं. एवढंच तिच्या लक्षात आहे, आणि एक खाडी, जी तरीतून ओलांडून ती मामाबरोबर गोव्याच्या बाजूला कुठल्याशा देवळात गेली होती. मला हे आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. मी ४६ वर्षांचा आहे.

मोतीतलाव
मी सावंतवाडीचा, इथं वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

दादा, ती खाडी म्हणजे तेरेखोलचीच. आरोंदा अलीकडं महाराष्ट्रात, पलीकडं किरणपाणी गोव्यात. तुमच्या आई गेल्या तेव्हा तर (म्हणजे होडी) होती, होडीवाल्याला या काठावरून हाक मारायची. आता तिथं पूल आहे. पेडण्याहून किरणपाणीला गाडीनं सरळ जाता येतं. विमानतळापासून धरलं तरी केरीएवढाच वेळ. आईला आरोंद्यालाच नेवा. मुलाला पुलावरून खाडी दिसेल, कांदळवन दिसेल, होड्या दिसतील. समुद्र तो पुन्हा बघेल.

एक सांभाळा. गोव्याची टॅक्सी महाराष्ट्रात शिरायला परवाना लागतो. सगळ्यांकडं नसतो. गाडी ठरवताना 'आरोंद्यात नेणार का' असं स्पष्ट विचारा. नाही म्हणाला तर किरणपाणीला थांबवा आणि पुलावरून पायी जा, किंवा पलीकडून कुणाला रिक्षा घेऊन बोलवा.

निपाणीकर_अण्णा
हिशेब बसतो. सव्वादहाला निघाला तर अकरा-सव्वाअकराला किरणपाणी. दीडला निघायचंच. दीड म्हणजे दीड. मोबाईलवर गजर लावा, दोघांच्या.

खानापूर_रोड
माझा सल्ला मागं घेतो. जावा.

चंदगडी_पोर
आमच्या भागातली जुनी माणसं वेंगुर्ल्याला बंदर म्हणूनच ओळखतात. रेल्वे यायच्या आधी बेळगावचा माल वेंगुर्ल्यात उतरायचा आणि बैलगाड्यांनी घाट चढायचा. आणि आता आपली भाजी रात्री ट्रकनं घाट उतरून गोव्यात जाते, पहाटे मासळीच्या गाड्या वर येतात. वरच्या माणसाचं खाली आजोळ असणं नवीन नव्हे. आमच्या आजीचं रेडीचं. रेडीला जमलं असतं तर गणपती दाखवला असता, १९७६ ला खाणीच्या जमिनीत सापडलेला, दोन हातांचा. खरं अण्णा रागावतील, एकच जागा.

निपाणीकर_अण्णा
एकच जागा.

शहापूरची_वहिनी
पत्रादेवीपण पुढच्या वेळी. आईंच्या पायात मोजे आणि सपाट चपला घाला. पाण्याची बाटली, गोळ्या वरच्या पिशवीत, मोठ्या बॅगेत न्हवे. आणि कुणी ओळखीचं उरलंय का आरोंद्यात, ते आजपासून शोधायला लागा.

येळ्ळूरकर
शोधतोय. आईला मामांचं नाव आणि घरामागं सातेरीचं देऊळ होतं एवढं आठवतं. मोतीतलाव, तुम्हाला निरोप पाठवलाय.

मोतीतलाव
मिळाला. उद्या आरोंद्याला जाऊन येतो. माझ्या मेव्हण्याचं दुकान आहे तिथं.

(तीन आठवड्यांनंतर)

येळ्ळूरकर
मंडळी, उशीर झाला लिहायला. बंगळूरहून परवा आलो.

विमान वेळेत उतरलं. आईला व्हीलचेअर मिळाली, ढकलणारा मुलगा पेडण्याचाच होता, पट्ट्यावरच्या बॅगापण त्यानंच काढून दिल्या. काउंटरवर पाच तासांसाठी गाडी ठरवली. ड्रायव्हर भला माणूस, पण परवाना नव्हता, तसं त्यानं आधीच सांगितलं. किरणपाणीला थांबतो म्हणाला. दहा वीसला निघालो, अकरा वाजून दहा मिनिटांनी पुलापाशी.

मोतीतलाव यांनी जे केलं त्याचे आभार कसे मानावेत कळत नाही. त्यांनी आईच्या मामेभावाची सून शोधून काढली होती. घर आहे, माणसं आहेत. आईचे मामा केव्हाच गेले. आईची मामेबहीण, ८० च्या पुढची, अजून आहे. तिला तिच्या मुलानं रिक्षातून पुलाच्या पलीकडच्या टोकाशी आणून बसवलं होतं.

आईनं गाडीतून उतरल्यावर माझा हात सोडला. कठड्याला धरून ती स्वतःच चालायला लागली. मी मागं, मुलगा मागं. ओहोटी होती, कडेला चिखलात खेकडे पळत होते, मुलगा तिथंच अडकला. पुलाच्या मध्यावर आल्यावर आई थांबली, खाली पाण्याकडं बघितलं, आणि मग पलीकडं रिक्षात बसलेल्या बाईकडं बघून मोठ्यानं हाक मारली, 'गे, मी इलंय!'

मी आईला जन्मभर 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलताना ऐकलंय, वहिनींसारखंच. हा शब्द तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पुढचा दीड तास ती त्या बहिणीशी मालवणीत बोलली. अडखळत, मध्येच बेळगावचा शब्द घालत, पण बोलली. माझ्या मुलानं विचारलं, 'आज्जी कुठली भाषा बोलायल्या?' मी म्हटलं, तिच्या आईची.

रिक्षानं घरी गेलो. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलेलं. मुलानं आंबोळ्या खाल्ल्या, बटाटा मागितला नाही. सातेरीच्या देवळात आईला पायऱ्या चढवल्या नाहीत, खालूनच नमस्कार केला. आई लहानपणी कुठल्याशा देवळात होडीनं गेलेली त्याचं नावही बहिणीनं सांगितलं, ते पुढच्या खेपेला.

दीडला दोन्ही गजर वाजले. आईची बहीण म्हणाली, 'विमान वायच थांबाचा नाय?' मी त्यांना नाही म्हणताना फार जड गेलं. पावणेदोनला पूल ओलांडला. तीनला पाच मिनिटं कमी असताना विमानतळाच्या दारात.

खानापूर_रोड, सुकं खोबरं दिलं होतं त्यांनी, पुडी बांधून. मी ड्रायव्हरला दिलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

शहापूरची_वहिनी
वाचतो आणि डोळे पुसतो. आईंना माझा नमस्कार.

निपाणीकर_अण्णा
पावणेदोन कसं झालं? दीड ठरलं होतं.

येळ्ळूरकर
अण्णा, बहिणीनं आईच्या डोक्यात अबोलीचा वळेसर माळला. त्याला पंधरा मिनिटं लागली.

निपाणीकर_अण्णा
मग बरोबर आहे.

पुणेरी_पाखरू
येळ्ळूरकर, मला डिसेंबरात मोपाला सहा तास आहेत. आरोंद्यात माझं कुणी नाही, पण केरीला सुरूखाली बसायला जाणार आहे. पेडणेकार, खाणावळ पेडण्यात नेमकी कुठं?

पेडणेकार
बाजारात या, मी भेटतो. पहिली थाळी माझ्याकडून.